साळवे मॅडम आणि इंग्लंडातला जॉर्ज

कॉलेजात शिकवणाऱ्या रूथनं कोरी वही आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मामा, साळवे मॅडमवर सगळे लिहितायत. दोन पानं तुमची पण पाहिजेत." मी म्हणालो, मी चौथी शिकलेला माणूस, तीही धड नाय. तर म्हणते, "बाकीचे इंग्रजीत लिहितायत, तुम्ही मराठीत लिहा." जसं काय मराठीत लिहायला डोकं लागत नाय!

नाय म्हणायची मला जुनी सवय आहे. पण इथं नाय म्हणवलं नाय. मॅडम ह्या पावसाळ्यात गेल्या. ज्यांनी लिहिलंय त्यांनी त्यांना वर्गात बघितलं. मी गेटवर बघितलं. वर्गात माणूस तयारी करून जातं. गेटवर जसं असतं तसं येतं.

छावणीच्या अंगाला आमचं मिशनचं लहानसं कॉलेज आहे. मी धनगराचा, देव माझा बिरोबा, पण वीस वर्षं त्या गेटवर माझंच राज्य. आत वरचं शिक्षण चालतं, एम.ए.चं. इंग्रजांच्या कथा-कविता वाचायच्या आणि ख्रिस्ती नजरेनं विचारायचं, की ह्यात पाप कुठं, क्षमा कुठं आणि देव कुठं लपलाय. मला वाटायचं, देवाला लपायचंच असेल तर तो इंग्लंडात कशाला जाईल, तिथं थंडी लई. हे मी मॅडमना एकदा बोललो. त्यांनी ते वर्गात सांगितलं आणि म्हणे पोरांनी वहीत उतरून घेतलं.

पहिल्या दिवशी त्या स्कूटीवरून आल्या आणि गेटसमोर दोनदा हॉर्न वाजवला. मला हॉर्न खपत नाय. मी बसून राहिलो. मग त्या उतरल्या. उंची बेताची, सुती साडी, आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. पेन्सिली त्या गुलमंडीच्या बाजारातून डझनानं आणायच्या, पण अंबाड्यात एक असताना दुसरी शोधत फिरायच्या.

"मी इथली नवी विभागप्रमुख," त्या म्हणाल्या.

"असाल. रजिस्टर इथं आहे."

रजिस्टरात चार रकाने. नाव, वेळ, कोणाला भेटायचं, सही. मॅडमनी चारही भरले आणि गेल्या. दुपारी प्राचार्यांनी मला बोलावून झाडलं, की स्टाफला सही नसते, एवढं कळत नाय का. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "मॅडम, तुम्हाला सही माफ."

"का? कालपासून मी अशी काय ओळखीची झाले?" असं म्हणून त्यांनी पेन घेतलं. पुढं बारा वर्षं रोज सही केली. एक दिवस चुकवली नाय.

घोळ तिसऱ्या रकान्याचा होता. मी अक्षर लावून वाचतो, त्यामुळं पहिले काही दिवस बघितलंच नाय. एका सकाळी चष्मा लावला आणि वाचलं, कोणाला भेटायचं: 'एका चोराला'. मी काठी घेतली. लायब्ररी बघितली, हॉस्टेल बघितलं, पाण्याच्या टाकीमागं जाऊन आलो. शेवटी वर्गाच्या दारात उभा राहिलो, तर मॅडम म्हणाल्या, "या खंडेराव, चोर इथंच आहे. पान एकशे चाळीस." पोरं हसली. मी हसलो नाय. माझी अर्धी सकाळ गेली होती.

मला खंडेराव म्हणणारं त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. माझ्या आईनंसुद्धा कधी खंडूच्या वर काय म्हटलं नाय.

तेव्हापासून तो रकाना मी रोज वाचायला लागलो. 'एका विधवेला'. 'कर्जबुडव्या सरदाराला'. 'त्याच चोराला, अजून सुधारला नाही'. समोरचा चहावाला सकाळी ओरडून विचारायचा, "चचा, मॅडम आज किससे मिलने आयी?" आणि मी वाचून सांगायचो. माझं वाचन सुधारलं ते ह्यामुळं. शाळेनं त्याचं श्रेय घेऊ नये.

मॅडमचा एक कायदा होता. पुस्तकातल्या कुठल्याही माणसाला नावं ठेवायची तर आधी सात दिवस त्याच्यासाठी प्रार्थना करायची. "आधी प्रार्थना, मग पेपर," असं त्या म्हणायच्या. कोणी घाईनं लिहून आणलं, की अमका माणूस पापी आहे, तर समासात पेन्सिलीनं लिहायच्या, 'तू कोण, गावचा पाटील?' पोरं ह्याला सात दिवसांची शिक्षा म्हणायची.

रूथ तेव्हा शिकत होती, वैजापूरकडची, तोंडानं तिखट. एकदा गेटपाशीच तिनं मॅडमना गाठलं. "मॅडम, हा माणूस बायकोला मारतो. त्याच्यासाठी कसली प्रार्थना?"

"बायकोसाठी चौदा दिवस कर. पण त्याला सोडायचं नाही."

"म्हणजे माफ करायचं?"

"माफ कोण म्हणालं? पेपरात त्याला चांगला झोडप. फक्त झोडपायच्या आधी त्याचं तोंड एकदा नीट बघून घे. न बघता मारलेलं मला चालत नाही."

मॅडम देवाशी मराठीत बोलायच्या आणि इंग्रजांशी इंग्रजीत. दोघांनाही रागवायच्या. मात्र चर्चमध्ये पाळकांची, म्हणजे त्यांच्या पाद्र्यांची, प्रार्थना लांबली की त्यांना डुलकी लागायची. सगळ्यांचं 'आमेन' झाल्यावर त्यांचं एकटीचं यायचं, जरा उशिरा आणि जरा मोठ्यानं. चर्चमधली लहान पोरं त्याची वाट बघत बसायची.

त्याच चर्चमध्ये त्यांच्या कायद्यानं एकदा मोठी गंमत केली. चर्चच्या दाराशी एक पेटी असते. कोणाच्या घरी आजारपण असलं, अडचण असली, की चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. रविवारी पाळक चिठ्ठ्या वाचतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. रूथनं विचार केला, आपण एकटीनं सात दिवस करण्यापेक्षा सगळ्या मंडळीनं एकदम केलेली बरी. तिनं चिठ्ठी टाकली, की एका मुलीला दिवस गेलेत, बापानं घराबाहेर काढलंय, थंडीचे दिवस आहेत, तिच्यासाठी प्रार्थना करा. खाली लिहिलं, 'एम.ए.चा वर्ग'. पाळकांनी ती सगळ्यांसमोर दोनदा वाचली.

सोमवारी सकाळी चर्चमधल्या पाच बायका गेटवर हजर. पुढं पाळकीणबाई, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. मागच्या बाईकडं दुपटी, एकीकडं शाल.

"ती मुलगी कुठंय?" पाळकीणबाई हळूच म्हणाल्या. "घाबरू नका मामा, आम्ही कोणाला सांगणार नाय."

मला काय ठाऊक? एम.ए.च्या वर्गात म्हणून लिहिलंय म्हणजे असेल. मी रजिस्टर पुढं केलं. पाचही जणींनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'त्या मुलीला'.

मॅडम बाहेर आल्या. चिठ्ठीचं ऐकलं आणि रूथकडं बघितलं. रूथ जमिनीकडं बघत होती.

"अहो, ती पुस्तकातली आहे," मॅडम म्हणाल्या. "इंग्लंडात असते."

पाळकीणबाईंनी हातातल्या डब्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मग लाडवांचं काय?"

पण मागची शालवाली बाई पुढं आली. "ते ऱ्हाऊ द्या. आधी मला सांगा, ती बाळंत झाली का सुखरूप?"

मॅडमनी त्या पाच जणींना वर्गात नेऊन मागच्या बाकावर बसवलं आणि गोष्ट पहिल्यापासून मराठीत सांगितली. तास संपला तरी मुलगी बाळंत झाली नव्हती. म्हणून बायका पुढच्या सोमवारी परत आल्या. अख्खं वर्ष सोमवारचा तास असाच चालला. लाडू मात्र त्याच दिवशी संपले. माझ्या वाटणीला दोन आले. डिंक चांगला होता.

आता माझ्या भावाचं सांगावं लागेल. मला आवडत नाय, पण त्याच्याशिवाय मॅडम पूर्ण होत नायत.

म्हाळू माझा धाकटा भाऊ. बापाचा दीडशे मेंढरांचा कळप होता. माझे गुडघे गेले तसा मी कळप त्याच्या हाती देऊन शहरात आलो, गेटवर लागलो. आठ वर्षांनी हा येऊन सांगतो, "दादा, कळप विकला. वाळूजला कंपनीत लागलोय." विकून झाल्यावर सांगतो! मी म्हणालो, बापाचा कळप मला न विचारता विकलास, आता मला तोंड दाखवू नको. अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाय. मध्ये त्यानं कंपनी सोडली आणि खुलताबादच्या रस्त्यावर फळं विकायला बसला, तेही मला दुसऱ्यांकडून कळलं.

दरसाल दसऱ्यानंतर म्हाळू सीताफळांची पिशवी घेऊन यायचा आणि समोर लिंबाखाली उभा राहायचा. गेटवर यायचा नाय. गेटवर आलं की रजिस्टर, रजिस्टर म्हटलं की मी पेन द्यायला पाहिजे, आणि मी पेन देणार नाय हे त्याला ठाऊक होतं. तासभर थांबायचा, परत जायचा. तिसऱ्या वर्षी मॅडमनी स्कूटी थांबवली, त्याच्या हातातली पिशवी घेतली, माझ्याच खुर्चीवर बसून एक सीताफळ फोडलं आणि बिया कागदात ठेवत सगळं खाल्लं.

"खंडेराव, तुमच्या भावाला फळाची पारख आहे."

"तो माझा भाऊ नाय."

"मग कोणाचा आहे? चौकशी करून ठेवा. कोणाचा हरवला असेल तर ते शोधत असतील."

त्यानंतर दरसाल पिशवी मॅडम घ्यायच्या आणि माझ्यासमोर बसून खायच्या. मी एक फळ तोंडात घातलं नाय. वास मात्र नाकात जायचाच. त्याला काय करणार?

आमच्या गल्लीतले लोक मला म्हणायचे, "खंडू, त्या बाई तुला एक दिवस पाण्यात बुडवून ख्रिस्ती करणार." मी मॅडमना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाण्यातसुद्धा माझ्याकडं रजिस्टर मागाल. मला तेवढी ताकद नाही." बारा वर्षांत देवावरून त्यांनी मला एक शब्द शिकवला नाय. उलट माझ्याकडूनच मेंढरांचं विचारून घ्यायच्या. लोकर कधी कातरता, कळप शेतात कसा बसवता, कोकरू आईला कसं ओळखतं. मी सांगायचो. मला वाटलं, शिकलेल्या बाईला एवढं तरी ठाऊक असावं.

त्यांचं निवृत्तीचं वर्ष. संक्रांतीनंतर एका दुपारी चहा पिताना म्हणाल्या, "खंडेराव, एक जाड पुस्तक वाचतेय. इंग्लंडातला एक म्हातारा आहे, जॉर्ज नावाचा. हट्टी आहे. धाकट्या भावाशी बोलत नाही."

"का बोलत नाय?"

"अजून तिथवर पोचले नाही."

रोज चहाला थोडं थोडं सांगायच्या. जॉर्जच्या घरचा कळप मोठा होता. शेतकरी हौसेनं बोलवायचे, खत मिळावं म्हणून कळप आपल्या रानात बसवायचे. "आणि बदल्यात ज्वारी द्यायचे," मॅडम म्हणाल्या.

"ज्वारी?"

"हो."

"इंग्लंडात?"

मॅडमनी चहाचा मोठा घोट घेतला. "जुनं पुस्तक आहे, खंडेराव."

मला तिथंच कळलं. पण मी बोललो नाय. एकतर एवढी शिकलेली बाई माझ्यासाठी मेहनत घेऊन खोटं बोलत होती, ते मोडायला जीव झाला नाय. दुसरं म्हणजे, पुढं काय होतं ते मलाही ऐकायचं होतं. मी जॉर्जची बाजू घेतली. रोज घेतली. "बरोबर आहे त्याचं. थोरल्याला विचारायला नको?" मॅडम म्हणायच्या, "मी कुठं चूक म्हणतेय? माझा कायदा तुम्हाला ठाऊक आहे. आधी सात दिवस त्याच्यासाठी मागा, मग त्याच्यावर बोलू."

"मी तुमच्या देवाकडं मागत नाय."

"मग बिरोबाकडं मागा. तिथं इंग्रजांना बंदी आहे का?"

एप्रिलमध्ये, उन्हानं डांबर मऊ झालं होतं अशा एका दुपारी, मॅडम चहा न घेताच बोलायला लागल्या. "खंडेराव, त्या धाकट्यानं कळप विकलाच नव्हता."

"म्हणजे?"

"रोग पडला होता. पंधरा दिवसांत जवळजवळ सगळा कळप गेला. त्यानं एकट्यानं खड्डे खणले. वीसेक मेंढरं उरली, तेवढीच विकली. बापाचा कळप माझ्या हातात मेला हे थोरल्याला सांगायचं कसं? त्यापेक्षा विकला म्हणून सांगितलं. थोरला चिडला तर चिडू दे, पण त्याचं काळीज फुटायला नको, असं त्याला वाटलं."

मी विचारलं, "हे कितव्या पानावर आहे?"

"शेवटाकडं," मॅडम म्हणाल्या, आणि स्कूटीची किल्ली शोधायला लागल्या. किल्ली हातातच होती.

ज्वारीचं मीच त्यांना सांगितलं होतं. पण हे मी सांगितलं नव्हतं. मला कुठं ठाऊक होतं?

घरी गेलो. भिंतीवर बिरोबाची तसबीर आहे, तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "देवा, इंग्लंडात जॉर्ज नावाचा एक म्हातारा हाय. लई हट्टी. त्याच्याकडं जरा बघ." सात दिवस रोज म्हणालो. बायको विचारायची, हा जॉर्ज कोण काढलाय आता? मी सांगितलं, कॉलेजचं काम आहे. स्वतःचं नाव घेऊन मला हे मागता आलं नसतं. परक्याच्या नावानं मागायला लाज वाटली नाय. पोरांना पुस्तकातल्या माणसांसाठी प्रार्थना करायला मॅडम ह्याच्यासाठीच लावायच्या का, ते मी त्यांना विचारलं नाय. विचारायला पाहिजे होतं.

सात दिवस झाले, पण मी खुलताबादला गेलो नाय. मागणं वेगळं आणि जाणं वेगळं.

मे महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. स्कूटी रूथला दिली, कारण ती आता इथंच शिकवायला लागली होती. स्वतः नगरला बहिणीकडं निघाल्या. गेटवर मी विचारलं, "मॅडम, जॉर्जचा शेवट?"

"माझ्या प्रतीतली शेवटची पानं फाटलीत, खंडेराव. तुम्हाला कुठं सापडली तर कळवा."

दसरा झाला. म्हाळू पिशवी घेऊन आला आणि लिंबाखाली उभा राहिला. मॅडमची वाट बघत असणार. अकरा वाजले, बारा वाजले. सावली सरकून पलीकडं गेली, हा उन्हात तसाच. चहावाला म्हणाला, "चचा, वो बेचारा कब से धूप में खड़ा है." मी म्हणालो, मला डोळे आहेत. पण उठायला होईना. खुर्चीनं धरून ठेवल्यासारखं झालं होतं.

शेवटी तोच रस्ता ओलांडून आला. केस पांढरे झाले होते. माझ्या बापासारखा दिसायला लागला होता, ते मला लिंबाखाली दिसलं नव्हतं.

"दादा, मॅडम दिसत नायत."

"रिटायर झाल्या."

तो पिशवीचे बंद चाळवत राहिला. मग म्हणाला, "आन् मग त्या जॉर्जचं काय झालं?"

मी त्याच्याकडं बघितलं. "तुला जॉर्ज कुणी सांगितला?"

"मॅडमनीच. उन्हाळ्यापर्यंत दर शनिवारी यायच्या की फळं घ्यायला. मला धाकट्याच्या बाजूनं सांगायच्या. म्हणाल्या, पुस्तक लई जाड हाय, दोघांनी वाटून घ्यायचं."

मी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. मग मी म्हणालो, "आत यायचं असलं तर रजिस्टर भरावं लागतं."

"भरतो की."

मी पेन दिलं. म्हाळू सातवी शिकलाय, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. त्यानं नाव लिहिलं, वेळ लिहिली, तिसऱ्या रकान्यावर थांबला, मग लिहून पेन परत दिलं. मी चष्मा लावला आणि अक्षर लावून वाचलं. कोणाला भेटायचं: 'जॉर्जला'.

मी आतून दुसरी खुर्ची आणली. दोघांनी बसून सीताफळं खाल्ली. फळात बिया लई होत्या, तेही मी त्याला तोंडावर सांगितलं. मग हळूच विचारलं, "खड्डे एकट्यानं खणलेस?" तो म्हणाला, "व्हय." एवढंच.

नाताळात मॅडम करंज्यांचा डबा घेऊन आल्या. रूथ स्कूटी चालवत होती, मॅडम मागं बसल्या होत्या, अंगानं निम्म्या झालेल्या. उतरल्या त्या सरळ टेबलाकडं. सही करायच्या आधीच रजिस्टरची पानं मागं उलटायला लागल्या. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. मी काय कळवलं नव्हतं. म्हाळूनं रूथकडून कळवलं असणार. त्याच्या पोटात काय राहत नाय.

पान सापडलं. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग अंबाड्यातली पेन्सिल काढून 'जॉर्जला'च्या पुढं बरोबरची खूण केली.

"शेवट जरा घाईत उरकलाय, खंडेराव."

"अकरा वर्षं लागली, मॅडम."

"तरीपण."

पेन्सिल परत अंबाड्यात गेली. आत सगळ्यांना भेटून, करंज्या वाटून तासाभरानं त्या निघाल्या. मी गेट आधीच सताड उघडून उभा होतो. मॅडम रूथच्या खांद्यावरून पुढं वाकल्या, हात लांब केला आणि हॉर्न दोनदा वाजवला.